गावठी अंड्याची साल

(दृश्य : पाऊस. कौलांवरून पागोळ्या गळताहेत. फोंड्याजवळच्या एका घराचं स्वयंपाकघर. गॅसवर पाण्याचा टोप.)

गोव्यात १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. बाजारात जी थोडी ताजी मासळी दिसते, तिचा भाव ऐकून माणूस पुढे सरकतो. मग घराघरांत सुक्या मासळीचे डबे उघडतात, आणि अंड्यांना मान येतो. रविवारी दुपारी ओला नारळ, धणे, लाल मिरची भाजून वाटलेला दाट रस, त्यात सोडलेली उकडलेली अंडी, आणि शेजारी सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दारात दिलेले उंडे पाव. मासे नसले तरी त्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही.

फक्त अंडी अख्खी हवीत. गुळगुळीत, पांढरीशुभ्र.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आमच्याकडे आठ माणसं जेवायला होती. सकाळीच खुराड्यातून काढलेली गावठी अंडी होती, अजून उबदार. पाहुण्यांना ताज्यातलं ताजं द्यावं म्हणून मी मुद्दाम तीच उकडली. सोलायला बसले आणि प्रत्येक सालीबरोबर पांढऱ्याचा लचका निघू लागला. एका अंड्याचा तर नुसता बलक हातात राहिला. बारा अंड्यांपैकी ताटात वाढण्याजोगी चार उरली. मला रडू आलं होतं. शेजारी नारळ खवत बसलेली मावशी म्हणाली, “अगो, गावठी अंडी ती! त्यांची साल अशीच. सुटत नाही.”

गोव्यात हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येतं. मावशीने पाहिलं ते खरंच आहे, गावठी अंडं सोलताना फाटतं. त्याचं कारण मात्र कोंबडीच्या जातीत नाही. ते अंडं घातल्याला किती दिवस झाले, यात आहे.

(दृश्य : अंड्याचं कवच अगदी जवळून. मग फोडलेल्या सालीला चिकटलेला पातळ पापुद्रा.)

कवच आपल्याला घट्ट बंद वाटतं. प्रत्यक्षात त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. कवचाच्या आत दोन पापुद्रे असतात. बाहेरचा कवचाला धरून, आतला पांढऱ्याला लगटून. अंड्याच्या बोथट टोकाला या दोघांच्या मध्ये हवेची एक पोकळी असते. ती लक्षात ठेवा, सोलताना तिचंच काम पडणार आहे.

नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कर्बवायू विरघळलेला असतो. दिवस जातील तसा तो छिद्रांतून बाहेर पडतो आणि पांढरा जास्त अल्कधर्मी होत जातो. ताज्या अंड्यात त्याचा सामू (pH) साधारण ७.६ असतो, काही दिवसांत तो ९ च्या वर जातो. सामू कमी असताना अंडं शिजवलं, तर पांढरा आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. तो वर गेला की ही पकड सैल होते. म्हणजे सकाळी घातलेलं आणि दुपारी उकडलेलं अंडं फाटणारच. त्यात सोलणाऱ्या हाताचा दोष नाही.

दुकानातल्या ट्रेमधली अंडी सहज का सोलली जातात, तेही यातून कळतं. गोव्यात बरीचशी अंडी बेळगावकडून घाट उतरून येतात. पोल्ट्रीतून निघून, ट्रे भरून, टेम्पोतून दुकानात आणि दुकानातून आपल्या घरी पोचेपर्यंत त्यांचे काही दिवस आपसूकच झालेले असतात. गावठी अंडं खुराड्यातून थेट टोपात जातं. फरक तेवढाच. कवच तपकिरी की पांढरं, याचाही सोलण्याशी संबंध नाही.

तेव्हा गावठी अंडी उकडायची असतील, तर आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून मग उकडा. ताजी आहेत ती पोळ्याला वापरा, ऑम्लेटला वापरा. तिथे ताजेपणा खरा कामाला येतो.

अंडं किती दिवसांचं आहे हे आठवत नसेल तर ते पाण्यात सोडून बघा. आडवं पडलं तर ताजं. बोथट टोक थोडं वर उचललं गेलं तर उकडायला उत्तम. उभं राहिलं तर जुनं झालंय, लवकर संपवा. वर तरंगलं तर टाकून द्या.

(दृश्य : उकळतं पाणी. करवंटीच्या दवल्यातून एक अंडं हळूच पाण्यात सोडलं जातं.)

आता उकडण्याकडे येऊ. आपल्या बहुतेक घरांत टोपात अंडी ठेवतात, वर थंड पाणी ओततात आणि मग गॅस पेटवतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. यात पांढरा सावकाश तापतो, आणि सावकाश तापताना त्याला पापुद्र्याशी चिकटायला भरपूर वेळ मिळतो. उलट अंडं थेट उकळत्या पाण्यात गेलं, तर पांढऱ्याचा बाहेरचा थर झटकन आवळतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. अगदी ताज्या अंड्यातसुद्धा यामुळे पुष्कळ फरक पडतो. एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला.

अंडी वरून टाकू नका, तडकतील. पळी किंवा दवला पाण्यात पूर्ण बुडवून अंडं तळाशी अलगद ठेवा. बघा, बोथट टोकाकडून बारीक बुडबुड्यांची माळ वर येतेय. पोकळीतली हवा तापून फुगली आणि छिद्रांतून निघाली, ती ही. अंडं फ्रिजमधून थेट काढलं असेल तर नळाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून मग सोडा, तडकण्याची भीती कमी होते. पाण्यात थोडं मीठ घाला. तडकलंच एखादं, तर मिठामुळे बाहेर आलेला पांढरा लवकर गोठतो. साल सुटायला मिठाचा उपयोग नाही. खायचा सोडाही काहीजण घालतात. मी घालून पाहिला, मला फारसा फरक दिसला नाही.

अंडी आत गेली की आच थोडी कमी करा. पाणी उकळत राहावं, पण अंडी टोपावर आपटू नयेत. आपल्याकडच्या मध्यम अंड्याला ६ ते ७ मिनिटांत बलक मऊ आणि ओलसर मिळतो, ९ मिनिटांत मधोमध जरासा ओला, ११ मिनिटांत पूर्ण घट्ट. रश्शात घालायचं असेल तर मी १० वर थांबते, कारण पुढे ते गरम रसात मुरतंच. हे आकडे समुद्रकाठचे. इथे पाणी १०० अंशांना उकळतं. बेळगावात ते सुमारे अडीच अंश आधीच उकळतं, तिथे मिनिटभर जास्त धरा.

वाफेवर उकडलेली अंडीही सुरेख सोलली जातात. वाफही पांढऱ्याला तशीच एकदम आवळते. साधारण १२ मिनिटं पुरतात. पण ज्या पात्रात चवथीला पातोळ्या होतात, त्यात अंडं ठेवणं बऱ्याच घरांत चालणार नाही, आणि चालू नयेच. वेगळी चाळणी ठेवा.

जास्त वेळ उकडलं की बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते होतं. खायला त्याने काही बिघडत नाही, पण बलक कोरडा होतो आणि वास उग्र येतो.

(दृश्य : बर्फाच्या पाण्याचं पातेलं. अंडी आत जातात.)

वेळ भरली की अंडी लगेच थंड पाण्यात. बर्फ असेल तर उत्तम, नसेल तर विहिरीचं ताजं पाणी घ्या आणि ते कोमट झालं की बदला. निदान दहा मिनिटं ठेवा. आतली शिजणी तिथेच थांबते आणि पांढरा घट्ट होतो. गरम अंडं घाईने सोललं की मऊ पांढरा बोटाखाली फाटतो.

(दृश्य : मावशीचे हात. पाटावर एक अंडं.)

मावशी आज सोलतेय ती अंडी आठ दिवसांपूर्वीची आहेत, त्याच खुराड्यातली. आधी बोथट टोक पाटावर हलकेच टेकवून फोडलं. मग अंडं आडवं करून तळव्याखाली एकदाच फिरवलं. सगळ्या कवचावर बारीक तडे गेले, पण एकही तुकडा सुटला नाही. आता बोथट टोकाशी, जिथे हवेची पोकळी होती तिथे, अंगठ्याचं नख. नख कवचाखाली नाही, पापुद्र्याखाली गेलं पाहिजे. पापुद्रा हाती लागला की कवच त्याला धरून पट्टीसारखं निघतं. हे सगळं पाण्याच्या भांड्यात. पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि बारीक कपचे धुऊन जातात.

निघाली साल. दोन तुकड्यांत. मावशीने अंडं पालथं-उताणं करून पाहिलं, पांढऱ्यावर एक ओरखडा नाही.

“गावठीच ना गो ही?” तिने मला विचारलं.

“तुझ्याच कोंबडीची.”

तिने दुसरं अंडं उचललं.

(दृश्य : रसाला उकळी. सोललेली अंडी एकेक करून आत जातात.)

रसाला उकळी येऊन गेली की अंड्यांना सुरीने एक उभी, उथळ चीर देऊन ती आत सोडा, आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. चिरेतून मसाला आत मुरतो. उकडून उरलेली अंडी न सोलता फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर राहतात. सोललेली मात्र लवकर संपवा.

(दृश्य : मागचं दार. पाऊस थांबलाय. मावशीच्या हातात दोन ताजी अंडी.)

आज सकाळी खुराड्यात दोन मिळाली. मावशीने कपाटातून पेन्सिल काढली, दोन्हींवर आजची तारीख घातली आणि ट्रेमध्ये सगळ्यात मागे ठेवली. पुढच्या रविवारची.