सेकंडरी कोण उघडणार : पाय की हवा?

मंडळी, कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र, निवडायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला : केवढा बसवू? सहाशेचा, साडेसातशेचा, की थेट साडेआठशेचा? आकडा मोठा तर ताकद जास्त, ही समजूत फार पक्की आहे. म्हणून आधी तिचाच हिशेब करू.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपली क्षमता भरून हवा घेतं. एका घनफुटात १७२८ घनइंच; त्याची दुप्पट ३४५६. इंजिनाचे घनइंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६, की मिनिटाला किती घनफूट (सीएफएम) हवा लागते ते कळलं. ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ घ्या. ६००० आरपीएमला उत्तर येतं सुमारे ६०८. पण साध्या इंजिनाचे सिलिंडर त्या वेगाला पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर उरले ५१६. सहाशे सीएफएमचा कार्बोरेटर इथे पुरून उरतो. तरी लोक साडेसातशेचा चढवतात, आणि खालचा पिकअप गेला की इग्निशनवर संशय घेतात.

पिकअप का जातो? व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्या दाबाच्या फरकाने फ्लोट बाऊलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. ही ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते : वेग निम्मा, तर ओढ चौथाई. गळा मोठा केला की कमी आरपीएमला हवा रेंगाळते, पेट्रोल उशिरा येतं आणि जाड थेंबांनी येतं. वरच्या टोकाला थोडी ताकद वाढते, नाही असं नाही. पण रस्त्यावरची गाडी त्या टोकाला असते कितीशी?

आणि हो, टू-बॅरल आणि फोर-बॅरल, म्हणजे दोन आणि चार गळ्यांचे कार्बोरेटर, यांचे आकडे समोरासमोर ठेवू नका. फोर-बॅरलचा प्रवाह १.५ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजायची रीत आहे, टू-बॅरलचा ३ इंचांवर. त्यामुळे ५०० सीएफएमचा टू-बॅरल फोर-बॅरलच्या मापाने साधारण ३५४चाच भरतो.

आता खरा प्रश्न. फोर-बॅरलमध्ये पुढची दोन बॅरल प्रायमरी, मागची दोन सेकंडरी. रोजचं चालवणं प्रायमरीवर होतं, जोर हवा असला की सेकंडरी उघडतात. त्या उघडायच्या कोणी, हे ठरलं की निवड निम्मी झाली.

मेकॅनिकल सेकंडरीत त्या लिंकेजने, म्हणजे दांड्यांनी, पेडलला जोडलेल्या असतात. पाय दाबला की उघडल्या, इंजिन तयार असो वा नसो. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, एकदम उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. क्षणभर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी गचका खाते. ती पोकळी भरायला अ‍ॅक्सिलरेटर पंप पिचकारी मारतो. मागची बाजूही पायानेच उघडायची तर तिलाही तसाच पंप हवा, म्हणून हॉली कंपनीच्या अशा कार्बोरेटरना ‘डबल पंपर’ म्हणतात. व्हॅक्यूम सेकंडरीत निर्णय हवेचा. प्रायमरीच्या व्हेंचुरीत ओढ पुरेशी वाढली की डायफ्रॅम दांडी वर खेचतो आणि सेकंडरी हळूहळू उघडतात. पाय तळाला टेकवला तरी इंजिनाला गरज नसेल तर त्या मिटलेल्याच राहतात. किती लवकर उघडायच्या ते डायफ्रॅमवरच्या स्प्रिंगवर ठरतं : स्प्रिंग हलकी, तर लवकर.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी जड, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टर कंपनीचाच, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो लांब, तर व्हॅक्यूम सेकंडरी घ्या आणि वाद संपवा. गाडी हलकी, हातात मॅन्युअल गिअर, रेशो आखूड, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम उंच आरपीएमचा, तर डबल पंपरची मजा आहे. अशी गाडी इंजिनाला पटकन त्याच्या आरपीएमला नेते, म्हणून थ्रॉटल एकदम उघडलेला चालतो. जड गाडीत तोच कार्बोरेटर बसवला तर प्रत्येक सिग्नलला पेट्रोल ओतलं जातं आणि गाडी तिथेच गुदमरते.

कॅमवरून पॉवर व्हॉल्व्ह आठवला. त्यावर ६५ लिहिलेलं असेल, तर मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्बोरेटरखालच्या हवेच्या नळ्यांचा, व्हॅक्यूम ६.५ इंच पाऱ्याच्या खाली गेला की तो उघडतो आणि मिश्रण रिच करतो, म्हणजे पेट्रोल वाढवतो. गरम, म्हणजे तसाच उंच आरपीएमचा, कॅम असलेल्या इंजिनाचा आयडलचाच व्हॅक्यूम ६ इंच असेल, तर हा व्हॉल्व्ह कायम उघडा. मग गाडी प्लग काळे करते आणि दोष कार्बोरेटरला मिळतो. साध्या इंजिनालाही निवड आकडा बघूनच करा : ऑटोमॅटिक असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून आयडलचा व्हॅक्यूम मोजा, आणि त्याच्या निम्म्याच्या आसपासचा व्हॉल्व्ह घ्या.

हॉलीखेरीज जग आहेच. कार्टर एएफबीच्या घराण्यातला एडलब्रॉक पेट्रोल मीटरिंग रॉडने मोजतो. बाऊल न उघडता, पेट्रोल न सांडता रॉड बदलता येतात. ज्याला रविवार कार्बोरेटरखाली घालवायचा नाही त्याने हाच घ्यावा. रोचेस्टर क्वाड्राजेटला उगाच नावं ठेवली जातात. त्याच्या प्रायमरी जेमतेम १ ३/८ इंचाच्या आणि सेकंडरी २ १/४ इंचाच्या : संथ चालवताना छोट्या गळ्यातली तल्लख ओढ, आणि गरज पडली तर मागे भलं मोठं भगदाड. नीट जुळवलेला क्वाड्राजेट रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकतो. फक्त तो स्प्रेड-बोअर आहे, म्हणजे मागचे गळे पुढच्यांहून मोठे. चौकोनी मांडणीच्या मॅनिफोल्डवर अ‍ॅडाप्टरशिवाय बसत नाही.

चार सिलिंडरवाल्यांसाठी वेबर ४५ डीसीओई. दोन वेबर, चार गळे, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा. इथे घोटाळा असा की ४५ हा आकडा थ्रॉटलच्या बोअरचा, मिलिमीटरमध्ये. हवेचा वेग ठरवतो तो आतला बदलता येणारा चोक, म्हणजे व्हेंचुरी. ४५च्या बोअरमध्ये लहान चोक घालून रस्त्यावर सुखाने फिरता येतं. दोन्ही कार्बोरेटर एकसारखे उघडतात की नाही हे मात्र तपासत राहावं लागतं. एसयू या ब्रिटिश कंपनीने वेगळीच वाट धरली : पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे वर-खाली होतो, गळा आपोआप लहान-मोठा होतो आणि निमुळती सुई जेटमधलं पेट्रोल मोजते. वेग जवळजवळ स्थिर, म्हणून ओढही स्थिर. ही कल्पना १९०५ची आहे, आणि मला ती आजही सगळ्यांत देखणी वाटते. पिस्टनची हालचाल मऊ करणाऱ्या वरच्या डॅशपॉटमधलं तेल संपलं तर मात्र गचके ठरलेले.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे : ‘माझ्या व्हॅक्यूम सेकंडरी उघडतच नाहीत, गाडी उभी ठेवून रेस केली तरी नाही.’ उभ्या गाडीत त्या उघडणारच नाहीत. इंजिनावर भार नाही, हवेची तेवढी मागणीच नाही. डायफ्रॅमच्या दांडीला कागद अडकवायची एक क्लिप लावा आणि ती वर सरकवून डायफ्रॅमच्या घराला टेकवा. मोकळ्या, सुरक्षित जागी पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी पळवा आणि परत येऊन बघा. दांडी जितकी वर खेचली गेली असेल तितकी क्लिप दांडीवर खाली सरकलेली दिसेल. जागची हललीच नसेल, तर हलकी स्प्रिंग टाका. एकेक पायरी हलकी करत जा; दाबल्यावर गाडी गचका खाऊ लागली की एक पायरी मागे या.