४२० विरुद्ध १ : बार्बरा ली यांची मतनोंद वाचताना

[पडद्यावर : मतदानाची यादी, क्रमांक ३४२, १४ सप्टेंबर २००१]

बाजूने ४२०. विरोधात १. मत न दिलेले १०.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या या यादीत विरोधाच्या रकान्यात एकच नाव आहे : ली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली परिसराच्या डेमोक्रॅट प्रतिनिधी बार्बरा ली. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांना तीन दिवस झाले होते. राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा ठराव सभागृहापुढे होता.

त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये शोकप्रार्थना झाली होती. तिथले डीन नेथन बॅक्स्टर यांच्या प्रार्थनेतलं एक वाक्य ली यांनी सभागृहात उच्चारलं. ज्या दुष्टपणाचा आपण धिक्कार करतो, कृती करताना आपणच तो होऊ नये, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. या मतानंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. ती सांगून झाली की लोक ‘युद्धविरोधी’ अशी पाटी लावून मोकळे होतात. पण ली या सभागृहात १९९८ ते जानेवारी २०२५ असं जवळपास २७ वर्षं बसल्या. त्यांची मतं हजारोंच्या घरात जातात. एका मताच्या जोरावर ती सगळी वाचायला गेलं तर फसगत ठरलेली.

[दृश्य : ठरावाचा मजकूर, मधला परिच्छेद ठळक]

आधी ठराव नीट पाहू. त्याचा कामाचा भाग इंग्रजीत फक्त ६० शब्दांचा. हल्ल्याची आखणी करणारे, हल्ला करणारे, त्यांना मदत किंवा आसरा देणारे देश, संघटना किंवा व्यक्ती कोण, हे राष्ट्राध्यक्ष ठरवतील आणि आवश्यक ते सर्व बळ वापरतील. देशाचं नाव नाही. मुदत नाही. संपण्याची तारीख नाही. कोरा धनादेश म्हणतात तो हाच, असं ली यांचं म्हणणं. २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संशोधन सेवेने मोजणी केली, तेव्हा या परवानगीचा हवाला १४ देशांतल्या कारवायांसाठी ३७ वेळा दिला गेल्याचं दिसलं.

आता एक गंमत, आणि नोंदी चाळणारे नेमके इथेच चुकतात. राष्ट्राध्यक्षांनी १८ सप्टेंबरला सही केली तो सिनेटचा संयुक्त ठराव क्रमांक २३. त्या क्रमांकाने प्रतिनिधिगृहातलं नावनिशीवार मतदान शोधलं तर काहीच सापडत नाही. कारण मतदान झालं ते प्रतिनिधिगृहाच्या स्वतःच्या ठराव क्रमांक ६४ वर. ते उरकल्यावर सिनेटचा, त्याच मजकुराचा ठराव कोणाचीही हरकत न येता मंजूर झाला आणि ६४ क्रमांकाचा बाजूला ठेवला गेला. म्हणजे कायदा एका क्रमांकाचा, मतं दुसऱ्या क्रमांकावर. म्हणून शोध कायद्यापासून सुरू करू नका, मतदानाच्या यादीपासून करा.

[दृश्य : सभागृह, बाकांच्या पाठीला बसवलेली मतयंत्रं]

मत पडतं कसं? प्रतिनिधिगृहात ४३५ जागा. २३ जानेवारी १९७३ पासून इथे विजेवरच्या यंत्राने मतदान होतं. सदस्य आपलं कार्ड बाकांजवळच्या कोणत्याही यंत्रात सरकवतो आणि तीनांपैकी एक बटण दाबतो : बाजूने, विरोधात, किंवा ‘हजर’. नावांच्या फलकावर हिरवा, लाल किंवा पिवळा दिवा लागतो. नेहमीचं मतदान किमान १५ मिनिटं चालतं, ओळीने मतदानं असली की पुढची ५ किंवा २ मिनिटांची. १५ मिनिटांच्या मतदानात पहिल्या १० मिनिटांत यंत्रावरच मत बदलता येतं. त्यानंतर बदलायचं तर अध्यक्षांच्या आसनासमोर जाऊन रंगीत चिठ्ठी द्यावी लागते. पक्षाचे प्रतोद त्या शेवटच्या मिनिटांत कोणाभोवती घोटाळतात ते पाहायचं असेल, तर थेट प्रक्षेपण बघावं. यादीत फक्त अंतिम मत उरतं.

‘हजर’ म्हणजे गैरहजर नव्हे. उपस्थिती भरते, पण बाजूने किंवा विरोधात काहीच मोजलं जात नाही. त्याने काय होतं? मे २०२१ मध्ये संसदभवनाच्या सुरक्षेसाठी १९० कोटी डॉलरची तरतूद २१३ विरुद्ध २१२ अशी एका मताने तरली. डेमोक्रॅट पक्षातल्या डाव्या गटाच्या तिघांनी विरोध केला, तिघांनी ‘हजर’ नोंदवलं. सहाही जणांनी विरोध केला असता तर ती पडली असती. पिवळा दिवा दिसला की आधी दोन्ही बाजूंमधलं अंतर मोजावं.

बऱ्याच गोष्टींवर दिवे लागतच नाहीत. बिनविरोधाच्या विधेयकांचा निकाल आवाजी मतदानाने लागतो आणि कोण काय म्हणालं याची नोंद राहत नाही. नोंद हवी तर सभागृहातल्या किमान ४४ सदस्यांनी ती मागावी लागते. दुरुस्त्यांवरच्या चर्चेसाठी सगळे सदस्य ‘संपूर्ण सभागृहाची समिती’ म्हणून बसलेले असताना २५ पुरतात. एखाद्या प्रतिनिधीचं मत सापडलं नाही म्हणजे त्याने ते लपवलं, असं समजू नये. बहुतेकदा ते मागितलंच गेलेलं नसतं.

[पडद्यावर : तारखांची ओळ, १९९९ ते २००२]

आता ली यांच्याकडे वळू. २००१ चं ते एकटं मत त्यांचं पहिलं नव्हतं. मार्च १९९९ मध्ये कोसोव्हो मोहिमेतल्या अमेरिकी सैनिकांना पाठिंबा देणारा ठराव ४२४ विरुद्ध १ ने मंजूर झाला. ते एक मतही त्यांचंच. म्हणजे सप्टेंबरचा विरोध भावनेच्या भरातला म्हणणाऱ्यांना नोंद साथ देत नाही.

आणि ली सगळ्यालाच नाही म्हणत होत्या असंही नाही. त्याच १४ सप्टेंबरला, यादी ३४२ च्या आधी, हल्ल्यानंतरच्या मदतीसाठी आणि सुरक्षेसाठी ४,००० कोटी डॉलरची तरतूद मंजूर झाली. तिच्या विरोधात शून्य मतं. पैसे मंजूर, बेमुदत अधिकार नामंजूर. ही दोन मतं एकाखाली एक ठेवल्याशिवाय त्यांची भूमिका कळत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये तपास यंत्रणांचे अधिकार वाढवणाऱ्या पेट्रियट कायद्याला विरोध करणारे ६६ होते, त्यांत ली. वर्षभराने इराकविरुद्ध बळ वापरण्याची परवानगी २९६ विरुद्ध १३३ ने मिळाली. तेव्हा त्यांनी नुसता विरोध नोंदवला नाही, पर्यायी दुरुस्ती मांडली : संयुक्त राष्ट्रांमार्फत तपासणी आणि वाटाघाटी करा. ती ७२ विरुद्ध ३५५ अशी पडली. विधेयकाला विरोध करणारे १३३ आणि पर्यायाला साथ देणारे ७२. मधले साठेक जण कोण, हे शोधणं पत्रकाराचं खरं काम. युद्धही नको आणि तो पर्यायही नको, असे ते लोक.

[दृश्य : समितीची खोली]

पुढची १५ वर्षं ली दुरुस्त्या मांडत राहिल्या आणि हरत राहिल्या. मग २९ जून २०१७ ला सरकारी खर्चाची विधेयकं तयार करणाऱ्या विनियोजन समितीत त्यांची दुरुस्ती आली : २००१ ची परवानगी २४० दिवसांनी रद्द समजावी. समितीत रिपब्लिकन बहुमत. तरीही आवाजी मतदानाने ती मंजूर झाली आणि टाळ्या पडल्या. महिन्याभरात विधेयक सभागृहात येण्याआधीच ती काढून टाकली गेली. मतदान न होता. सभागृहाच्या याद्यांत या सगळ्या नाट्याची एक ओळही नाही. समितीचे अहवाल आणि सभागृहापुढे काय येईल ते ठरवणाऱ्या नियम समितीने ठरवलेला मजकूर शेजारी ठेवून पाहिला, तरच काय गळालं ते दिसतं.

मग २०२०. ३० जानेवारीला २००२ ची इराक परवानगी रद्द करण्याचा ली यांचा प्रस्ताव २३६ विरुद्ध १६६ ने मंजूर झाला. कोणत्या विधेयकावर? दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना सुवर्णपदक देण्याच्या विधेयकावर! दोन्ही सभागृहांतून आधीच फिरून आलेलं विधेयक हाताशी होतं, त्याच्यात नवा मजकूर भरला आणि काही संसदीय अडथळे चुकवले. ज्यांनी विरोध केला त्यांच्या मतनोंदीत वरवर पाहता ‘खलाशांच्या पदकाला विरोध’ दिसतो, आणि निवडणुकीच्या पत्रकात तो तसाच छापता येतो. नाव वाचून मताचा अर्थ लावू नये, ते यासाठी. यादीच्या माथ्यावर ‘प्रश्न’ म्हणून एक ओळ असते. विधेयक मंजूर करायचं का, दुरुस्ती घ्यायची का, की विधेयक समितीकडे परत पाठवायचं, ते तिथेच लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचायची.

जून २०२१ मध्ये स्वतंत्र विधेयक आलं, क्रमांक २५६. २६८ विरुद्ध १६१, बाजूने ४९ रिपब्लिकन. तेही सिनेटमध्ये अडकलं. मार्च २०२३ मध्ये सिनेटने स्वतःचं विधेयक ६६ विरुद्ध ३० ने पुढे पाठवलं, तर ते प्रतिनिधिगृहात पडून राहिलं. इराक परवानगी अखेर रद्द झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये, संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यातून. तोवर ली सभागृहाबाहेर पडून ओकलंडच्या महापौर झाल्या होत्या.

[पडद्यावर : २३ सप्टेंबर २०२१ ची यादी, हळूहळू वर सरकते]

पाटी खोटी ठरवणारी मतंही बघायला हवीत. २०२० मध्ये संरक्षण खर्चात १० टक्के कपात सुचवणारी दुरुस्ती ९३ विरुद्ध ३२४ अशी पडली. ती रेटणाऱ्यांत ली पुढे होत्या. पुढच्याच वर्षी २३ सप्टेंबरला इस्रायलच्या, रॉकेट हवेतच अडवणाऱ्या आयर्न डोम यंत्रणेसाठी १०० कोटी डॉलर ४२० विरुद्ध ९ ने मंजूर झाले. विरोधातल्या नऊ नावांत ली नाहीत. आणि ज्या बुश सरकारशी युद्धावरून त्यांचं वाकडं होतं, त्याच सरकारच्या २००३ च्या जागतिक एड्स निधीच्या कायद्यामागे त्यांची मेहनत होती. त्याआधीचं २००० सालचं एड्सविषयक काम त्यांनी आयोवाचे रिपब्लिकन जिम लीच यांच्या जोडीने केलं होतं.

म्हणूनच गुणपत्रिकांपासून सावध. वेगवेगळे दबावगट दरवर्षी आपल्याला महत्त्वाची वाटणारी मोजकी मतं निवडतात आणि शंभरपैकी गुण देतात. मतं कोणी निवडली ते आधी पाहावं. काही गुणपत्रिकांत गैरहजेरी चुकीचं उत्तर म्हणून धरतात, त्यामुळे आजारी पडलेला किंवा प्रचारात अडकलेला सदस्य बदललेला वाटतो. सगळी मतं घेऊन गणिताने डावं-उजवं मांडणारी पद्धतही आहे. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल यांनी ती घडवली. ती मजकूर वाचत नाही, कोण कोणाबरोबर मत देतं एवढंच बघते. पक्षाचं विधेयक पुरेसं डावं नाही म्हणून विरोध करणारा सदस्य त्या क्षणी रिपब्लिकनांच्या रांगेत उभा राहतो, आणि गणित त्याला मध्याकडे ढकलतं. डाव्या गटातले काही सदस्य तिथे मवाळ दिसतात ते यामुळे.

भारतातून पाहणाऱ्याला हे सगळं जरा परकं वाटेल. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. खासदाराच्या मतावरून पक्ष कळतो, माणूस फारसा कळत नाही. वॉशिंग्टनमध्ये पक्ष रुसेल, समितीवरची जागा जाईल, पण जनतेने दिलेली जागा पक्षाला काढून घेता येत नाही. ४२० विरुद्ध १ हा आकडा तिथे शक्य होतो तो याच कारणाने.

[दृश्य : डेट्रॉइट]

मराठी माणसाला जवळचं उदाहरण श्री ठाणेदार यांचं. बेळगावात वाढलेले, जानेवारी २०२३ पासून मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघाचे प्रतिनिधी. २८ एप्रिल २०२५ ला त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं मांडली. सभागृहाला मत द्यायला भाग पाडण्याची तरतूद नियमांत होती, पण १४ मे ला त्यांनी तो आग्रह धरला नाही. या प्रकरणात बातम्या आहेत, ठरावाची प्रत आहे, मतांची यादी नाही. भूमिका आणि मत यांत केवढं अंतर पडू शकतं ते इथे दिसतं. सहप्रस्तावक म्हणून नाव देणंही असंच, स्वस्तातलं.

स्वतः तपासायचं असेल तर क्रम असा. प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर १९९० पासूनच्या याद्या आहेत. वर्ष आणि यादी क्रमांक टाका. ‘प्रश्न’ वाचा. मग काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या तारखेला विधेयकाचा मजकूर काय होता ते काढा. आजचा नव्हे, त्या दिवसाचा. ‘मत दिलं नाही’ असं दिसलं तर त्या दिवसाच्या आणि पुढच्या काही दिवसांच्या कामकाजाच्या इतिवृत्तात ‘वैयक्तिक खुलासा’ शोधा. हजर असतो तर अमुक मत दिलं असतं, असं सदस्य तिथे लेखी नोंदवतात. तो खुलासा मोजणीत धरला जात नाही, यादीतला शून्य शून्यच राहतो. पण पुढच्या निवडणुकीत विरोधक ‘गैरहजर’ म्हणून बोट दाखवतो, तेव्हा प्रतिनिधीच्या कचेरीतून पहिल्यांदा तोच कागद बाहेर येतो.