बोरू मागितला, ताग मिळाला

नमस्कार. आत्ता माझी ओळख 'मोडीचे अभ्यासक' अशी करून दिली. अभ्यासक कसला, मी मोडी, म्हणजे मराठीची जुनी वळणदार लिपी, वाचून देणारा माणूस. लोक आजोबांच्या ट्रंकेतले कागद घेऊन येतात. पुरलेला हंडा कुठे आहे ते त्यात निघेल अशी आशा असते; निघतो बहुतेक वेळा बांधाचा तंटा. असो. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मोडी वळली कोणामुळे?' त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी बोरूचं, म्हणजे मोडी लिहायच्या लेखणीचं सांगू द्या, नाहीतर उत्तर हवेत राहील.

बोरू प्रत्यक्ष हातात धरलाय असे किती जण आहेत? हात वर करा. पुढच्या रांगेत चार. मागचा तो एक हात पंखा वाढवा म्हणून वर झालाय, तो धरत नाही.

तर काही वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं की बोरू विकत आणायचा नाही, परसात लावायचा. तालुक्याला बियाण्याच्या दुकानात गेलो. "बोरू आहे का?" "आहे की. किती एकर?" म्हटलं, एकर नाही हो, दहा-बारा लेखण्या निघाल्या तरी पुरे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे पाहिलं. "काका, सुटा मिळत नाही, पिशवीच घ्यावी लागेल." घेतली. पावसाळ्यात हे असं छातीएवढं रान माजलं! पिवळीधमक फुलं. आमच्या सौभाग्यवती खूश, रोज फुलं देवाला. मी रोज एक काडी मोडून बघतोय, तर आत नळी नाहीच. सोलावी तर नुसते धागे निघतात. शेवटी शेजारचे एक शेतकरी कुंपणापाशी थांबले आणि म्हणाले, "मास्तर, फुलावर आलाय. आता गाडा की जमिनीत!"

हसताय तुम्ही, पण माझी लेखणी जमिनीत गाडायला सांगत होता तो माणूस. (त्याआधी काही संपादकांनीही सुचवलं होतं म्हणा.)

झालं होतं असं, की शेतकऱ्याचा बोरू म्हणजे ताग, हिरवळीच्या खताचा. आणि कारकुनाचा बोरू म्हणजे नळ, देवनळ, ओढ्याकाठी वाढणारं उंच पोकळ गवत. नाव एक, झाडं दोन. पण खरी गंमत मला पुढे कळली. आपल्याकडचा जुना हातकागद बनायचा कशाचा? तागाचा! जुनी दोरखंडं, गोणपाट कुटून त्याचा लगदा करायचे. जुन्नरचा कागद, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद, यांवर आपली दप्तरं उभी आहेत. म्हणजे आपले पूर्वज बोरूने बोरूवर लिहीत होते. दुकानदार निम्मा बरोबर होता.

आता हा बघा खरा बोरू. सावलीत वाळवलेला, वीतभर. चांगला की वाईट ते फरशीवर टाकून कळतं. हा ऐका... खणखणला. हा दुसरा... थप्प. हा ओला आहे, याची शाई पसरणार. चाकूने आधी पोट तासायचं, मग मधोमध चीर द्यायची, शाई टोकापर्यंत उतरावी म्हणून. शेवटी टोक कठीण पाटीवर ठेवून एका दाबात तिरकं उडवायचं. टक्! दोनदा दाबलंत की टोकाला दाते पडतात आणि प्रत्येक अक्षराला मिशा फुटतात. समर्थांनी 17 व्या शतकात दासबोधात लेखनाचा अख्खा समास लिहिला. त्यात देशोदेशीचे बरू आणावेत, घट्ट, बारीक, सरळ बघून घ्यावेत असं बजावलंय. परमार्थ सांगणारा माणूस बोरूच्या खरेदीत शिरतो, कारण वाईट बोरूने काय मनस्ताप होतो ते त्याला ठाऊक आहे.

शाई दिव्याच्या काजळीची, बाभळीच्या डिंकात खललेली. खलायची किती? हात दुखेपर्यंत, आणि मग तेवढीच पुन्हा. हिरडा नि हिराकशीचीही शाई करत, पण ती कालांतराने कागदच खाते. काजळी मात्र काळी ती काळीच. वर ओल टिपायला वाळू. जुनी कागदपत्रं उलगडताना अजून ती वाळू टेबलावर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मागच्या व्याख्यात्यांना पंधरा वाढवून दिली होती, मी काही म्हणत नाही.

तर मोडी. यादवांच्या प्रधानाने, हेमाडपंताने आणली असं परंपरा सांगते, सांगू दे. माझं म्हणणं, तिला वळवली या तीन वनस्पतींनी. बाळबोध, म्हणजे आपल्या देवनागरीतला 'क' लिहून बघा: हात तीनदा उचलावा लागतो, वर शिरोरेघ वेगळी. बोरूत शाई थोडी मावते, आणि प्रत्येक उचल म्हणजे थेंब पडायची भीती. म्हणून मोडीवाला ओळीची रेघ आधीच सबंध ओढून ठेवतो आणि खाली अक्षरं गोल वळवत, एकातून दुसऱ्यात नेतो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाच्या फंदात पडत नाही. पण रुंद टोकाची लेखणी वरच्या दिशेला रेटली की कागदात अडकते ना? खरखरीत कागदावर अडकते. आपला कागद खळ लावून दगडाने घोटलेला, गुळगुळीत. डिंकाच्या शाईने बोरू त्यावर घसरतो. नळ, ताग आणि बाभूळ, यांतलं एक काढा, मोडी तशी पळणार नाही.

पुरावा? 1818 ला पेशवाई गेली. त्यानंतर बर्मिंगहॅमची पोलादी निबं जगभर पसरली, कचेऱ्यांतून टाक, म्हणजे निब लावलेल्या लेखण्या आल्या. टाकाचं टोक अणकुचीदार. बोरूत जाड-बारीकपणा दिशा बदलली की आपोआप येतो, टाकात तो बोटाच्या दाबाने आणावा लागतो, आणि घाईतला कारकून कशाला दाबतोय! सगळ्या रेघा सारख्याच बारीक, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. पेशवेकालीन मोडी मी चहा पिता पिता वाचतो. आंग्लकालीन मोडीला चष्मा, भिंग आणि देव लागतो. दोष लोक लिपीला देतात. तंजावरच्या मोडीबद्दलही बोलायचं होतं, पण कार्यवाह उभे राहिलेत.

इथे टेबलावर सात बोरू आहेत, येऊन लिहून बघा. तो तांबडा दोरा बांधलेला डावखुऱ्यांसाठी, त्याचा काप वेगळा आहे. आणि दौत जपून, सतरंजी भाड्याची आहे.