आपलीच गाडी, दुसऱ्याच्या कानाने

मोटरसायकलला मराठीत एक जुना शब्द आहे, फटफटी. म्हणजे बघा ना, वेग नाही, दोन चाकं नाहीत, लोकांच्या लक्षात राहिला तो आवाज, आणि तेच नाव पडलं.

ही माझी फटफटी. एक सिलिंडर, जुनी आहे, टाकीवर एक पोचा आहे तो मी मुद्दाम काढलेला नाही. सकाळी कव्हर ओढायचं, फडकं फिरवायचं, चावी लावली की न्यूट्रलचा हिरवा दिवा, मग स्टार्टर. इंजिन थंड असलं की आधी जरा खोकतं आणि मग लय धरतं, ती लय धरेपर्यंतचं अर्धं मिनिट मला सगळ्यात आवडतं, खरं सांगतो. पुढे रस्ता मोकळा मिळाला की मग वळणं. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, ऐकायला उलटं वाटतं पण गाडी बरोबर उजवीकडे झुकते, आणि एकदा हे अंगात बसलं की माणूस उगाच लांबच्या रस्त्याने घरी जायला लागतो. झाडांखालून गेलं की हवा गार लागते, पाऊस यायच्या आधीच मातीचा वास येतो. काच लावून बसलेल्या कारवाल्याला यातलं काही कळत नाही.

आता कॅमेरा खाली, सायलेन्सरपाशी.

आत काय चाललंय? फोर स्ट्रोक इंजिन, म्हणजे हवा-पेट्रोल आत ओढ, दाब, पेटव, धूर बाहेर फेक. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांना एक भडका. १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, गाडी नुसती उभी असताना सेकंदाला १० भडके होतात, म्हणून फट-फट ऐकू येतं. ६००० ला ५०, तिथे फटफट संपते आणि सलग सूर लागतो. चार सिलिंडरची गाडी १२,००० ला नेली तर सेकंदाला ४०० भडके, ती किंचाळतेच. हार्लेचं गणित वेगळं, तिचे दोन सिलिंडर ४५ अंशात, त्यामुळे दोन भडक्यांतलं अंतर सारखं पडत नाही, ते लंगडत चालल्यासारखं ऐकू येतं. कंपनीने १९९४ मध्ये या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता, आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला!

एक्झॉस्टचा व्हॉल्व उघडतो तेव्हा आतल्या वायूत अजून बराच दाब असतो, तो धाडकन बाहेर येतो, आवाजाचं मूळ तेच. सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत ग्लासवूल. आवाजाच्या लाटा कप्प्यांत आपटून एकमेकींना मारतात, काही वूलमध्ये जिरतात. ते सगळं काढून नुसती पुंगळी लावली की झालं.

मी लावली होती. स्वतःच्या पैशाने, आणि वर आठवडाभर फोटो टाकत होतो.

मग एका रात्री मित्र माझी गाडी घेऊन गेला, अकरा वाजले असतील, आणि मी गॅलरीत उभा. आपली गाडी मी पहिल्यांदा बाहेरून ऐकली. मला वाटायचं ती घुमते. ती घुमत नव्हती, ती फाटत होती. पहिल्या गिअरला खालच्या मजल्यावर दिवा लागला, दुसऱ्याला कुठलंतरी बाळ रडायला लागलं, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज येतच होता, येतच होता, मी अक्षरशः आत जाऊन दार लावून घेतलं.

पॅरिस भागातला गोंगाट मोजणारी ब्रुइपारिफ नावाची संस्था सांगते की सायलेन्सर नसलेली एक स्कूटर रात्री शहर ओलांडून गेली तर १०,००० लोकांची झोप मोडू शकते. मी माझ्या बिल्डिंगपुरतं मोजलं आणि गप्प बसलो.

लोक म्हणतात आवाज असला की सेफ्टी असते, समोरच्याला कळतं. पण पुंगळीचं तोंड कुठे असतं? मागे! ज्याने आपल्याला बघायला हवं तो बहुतेक वेळा पुढे असतो, आणि ज्याला काहीच देणंघेणं नाही त्याच्या कानात सगळं ओततो आपण.

सगळ्यात गंमत म्हणजे ज्याने पैसे मोजलेत त्यालाच ते नीट ऐकू येत नाही. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटमधल्या वाऱ्याचा आवाज इंजिनवर मात करतो, सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश संस्था ९४ डेसिबलला दिवसाचा एक तास देते, त्यापुढे कानाला धोका. मी हल्ली लांब जाताना कानात फोमचे बोळे घालतो. वारा दबतो, आणि आश्चर्य म्हणजे इंजिन जास्त स्वच्छ ऐकू येतं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व ढकलणारे भाग, वाजायला लागले तर तेही कळतं.

जुना सायलेन्सर माळ्यावर होता, परत लावला. पहिले दोन दिवस गाडी मेल्यासारखी वाटली, हे लपवत नाही.

आणि हे आत्ताचं दृश्य, पहाटे साडेपाच. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मी ढकलत चाललोय. कोपऱ्यापर्यंत साठ-सत्तर पावलं आहेत, थोडा चढ, कंबर भरून येते. बसतो. हिरवा दिवा. आता स्टार्टर.