फवारणी, यकृत आणि चमचाभर हळद

[दृश्य: यवतमाळ जिल्हा, कपाशीचं शेत]

२०१७चा हंगाम. यवतमाळकडे त्या वर्षी पऱ्हाटी पार डोक्याला लागली होती. पाठीवर पंप, नोझल खांद्याच्या वर, आणि उडालेलं औषध थेट तोंडावर. त्या काही महिन्यांत जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले.

मृत्यूंची बातमी झाली. वर्षानुवर्षं थोडंथोडं औषध अंगात मुरवणाऱ्यांच्या यकृताची कधी होत नाही. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला फिरतो: चमचाभर हळद घ्या, यकृत वाचेल.

क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचंच उदाहरण बघा. कातडीतून, श्वासातून ते रक्तात उतरतं आणि यकृत ते मोडायला घेतं. मोडता मोडता आधी ऑक्सॉन तयार होतं, मूळ विषाहून कितीतरी जहाल. शिवाय फ्री रॅडिकल्स सुटतात आणि पेशींच्या आवरणातली चरबी पोखरू लागतात. यकृताकडे ग्लुटाथायोनचा साठा असतो, तो त्यांना आवरतो. साठा आटला की पेशी फुटतात आणि रक्ताच्या रिपोर्टात एसजीपीटी, एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स चढलेली दिसतात.

[दृश्य: प्रयोगशाळा, पिंजऱ्यातले उंदीर]

इथे वनस्पती येतात. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, मिल्क थिसल या काटेरी झुडपाच्या बियांमधलं सिलिमरिन. कीटकनाशकासोबत हे दिलेल्या उंदरांचं यकृत कमी बिघडतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. काम खरं आहे, आशाही खरी आहे.

पण मात्रा बघा. समजा, उंदराला वजनाच्या किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं. उंदराचा हिशेब माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. तरी साठ किलोच्या माणसाला रोज एक ग्रॅम लागेल. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे रोज तीस ग्रॅमच्या वर हळद, दहाएक चमचे! त्यातलंही आतड्यातून रक्तात पोचतं ते अगदी नावाला. व्हॉट्सअ‍ॅपवर हा हिशेब कधी फिरत नाही.

मग अर्काच्या गोळ्या? इटलीत २०१९ साली हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाच यकृतदाह झाल्याच्या नोंदी झाल्या. यकृत वाचवायला घेतलेली गोळी यकृतावरच उलटू शकते.

आणखी एक गोष्ट. प्रयोगात उंदराला अर्क बहुधा विषाच्या आधी किंवा सोबत मिळतो. शेतात माणूस चक्कर येऊन पडतो, तेव्हा ती वेळ टळलेली असते.

[दृश्य: बांधावर रिकाम्या बाटल्या]

त्या घडीला प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या, क्लोरपायरिफॉसच्याच जातीच्या कीटकनाशकांच्या विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शनच हवं. ते काढ्याने भागत नाही. फिप्रोनिल या वेगळ्या जातीच्या कीटकनाशकावर मात्र ॲट्रोपिन उतारा नाही. तिथे उपचार वेगळे. आणि मजुराने कित्येकदा दोन-तीन औषधं एकाच ड्रममध्ये कालवलेली असतात. म्हणून भिजलेले कपडे आधी उतरवा, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात निघताना बांधावरच्या सगळ्या बाटल्या, लेबलासकट, पिशवीत घालून सोबत न्या.