दूध तुटलेल्या शिंगराचं पोट दुखतं तेव्हा

आज एकाच आजाराबद्दल बोलतो. पाच-सहा महिन्यांचं, नुकतंच दूध तुटलेलं शिंगरू रातोरात जातं आणि मालक म्हणतो, काल तर उड्या मारत होतं हो. अशा वेळी बऱ्याचदा आत जंतांचा बोळा असतो. पॅरास्कॅरिस म्हणजे जाड पांढरे गोल जंत, एकेक फूटभर किंवा त्याहूनही लांब, लहान आतड्यात गुंता होतो आणि रस्ताच बंद.

मोठ्या घोड्यांत हे सहसा दिसत नाही, त्यांची प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. शिंगरू मात्र तबेल्यातली जमीन चाटतं, अंडी पोटात जातात, अळ्या यकृतातून फुफ्फुसात, तिथून घशात येऊन परत गिळल्या जातात, आणि जंत मोठे व्हायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून सारंगखेड्याच्या यात्रेतून वगैरे शिंगरू आणलंत, पोट सुटलंय, केस राठ आहेत, आधी काय औषध दिलंय माहीत नाही, तर आल्या दिवशीच आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाची पेस्ट देऊन मोकळे होऊ नका! जंत एकदम लुळे पडतात, सगळे एकत्र अडकतात, आणि बऱ्याचदा दिवसभरातच पोट धरतं. आधी लीद तपासून घ्या. डॉक्टर बहुतेक हळू काम करणारं औषध निवडतील, धोका त्यातही आहे, पण कमी.

आता पोट धरलंच तर. पुढच्या पायानं जमीन उकरतंय, पोटाकडे वळून बघतंय, लोळतंय, घाम फुटलाय. पहिला फोन डॉक्टरांना, मग समोरची वैरण काढा. आणि कृपा करून बाटलीनं तेल, तूप, हिंगाचं पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर भरत जातं आणि शेवटी फुटतं. नाकातून हिरवट पाणी यायला लागलं म्हणजे आत तुडुंब झालंय, कधी त्यात जंतही दिसतात. डॉक्टर नाकातून नळी घालून ते काढतात तेव्हा कुठे शिंगराला दम मिळतो.

डॉक्टर येईपर्यंत डाव्या कोपराच्या मागे हात ठेवून ठोके मोजा. शांत असताना या वयात मिनिटाला चाळीस ते साठ असतात, ऐंशीच्या वर जाऊन तिथेच राहिले, हिरड्या काळपट झाल्या, तर लगेच पुन्हा फोन करून सांगा. खूप तडफडून अचानक गप्प झालं तर बरं वाटलं असं धरू नका, जठर फुटल्यावरही असंच होतं, अंग गार आणि घामानं चिंब असतं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं टोचू नका, खरी लक्षणं झाकली जातात.

आतडं पूर्ण बंद असेल तर ऑपरेशनच, आणि त्यातूनही बरीच शिंगरं वाचत नाहीत हे मी मालकाला स्पष्ट सांगतो. खर्च किती, नेणार कशात, हे घरात आधीच बोलून ठेवा, रात्री दोन वाजता गोठ्यात उभं राहून ते ठरत नाही. त्याला शांतपणे निरोप द्यायचं ठरलं तर ते तुम्ही त्याच्यासाठीच केलेलं असतं, मनाला लावून घेऊ नका.

आणि त्याच जागेत बाकीची शिंगरं असतील तर दुसऱ्या दिवशीच त्यांची लीद तपासायला द्या. अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे लीद रोज उचला.