गिलाव्याआधी

(पहाट. शहापूर तालुका. बॅटरीच्या उजेडात वीटभट्टी.)

पहाटेचे तीन. ऊन चढायच्या आत थापणी उरकायची, म्हणून कातकरी जोडपं केव्हाच कामाला लागलंय. तो गारा कालवतो, ती साच्यात दाबून भरते, वरून हात फिरवते, साचा उलटा करून अलगद उचलते. ओल्या विटेवर तिच्या बोटांचे ठसे उमटलेत. दिवाळीनंतर पाडा सोडून ही माणसं इथे येतात. मजुरी हजार विटांवर, आणि तीही आधी घेतलेल्या उचलीत वळती होते.

वाळलेल्या विटांची भट्टी रचतात, मधे कोळसा आणि भाताचं तूस. चिमणी नाही. त्यामुळे धूर उंच जात नाही, शेजारच्या झोपडीत शिरतो. त्यात बारीक कण असतात, सल्फर डायऑक्साइड असतो आणि काजळी असते. ही काजळी छातीत बसते आणि हवाही तापवते.

(ठाण्यातलं दिवा गाव. अर्धवट बांधलेली चाळ.)

टॉवरला आता हलके ब्लॉक लागतात. लाल वीट येते ती इथे, साध्या माणसाच्या घराला. कमी कार्बनचं शहर म्हटलं की आपण मेट्रो, सोलर, इलेक्ट्रिक बस मोजतो. या भिंतीसाठी जळलेला कोळसा मात्र पालिकेच्या हद्दीबाहेर राहतो, म्हणून हिशेबाबाहेरही राहतो. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. त्यांनी तरी हा धूर आपला मानायला हवा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम केला: भट्टी वस्तीपासून किमान ८०० मीटर दूर, आणि झिगझॅगसारख्या पद्धतीची. झिगझॅगमध्ये हवा नागमोडी फिरते, कोळसा नीट जळतो, कमी लागतो. पण त्याला पक्कं बांधकाम लागतं. भाड्याच्या शेतात एका हंगामापुरती भट्टी लावणारा ते कशाच्या जोरावर उभारणार?

फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेच्या, विटेला भट्टी लागत नाही. ती पाणी मारून पक्की होते. सिमेंट लागतं, म्हणजे तीही पूर्ण निर्दोष नाही, पण हा धूर तरी टळतो. पालिकेने शाळा आणि कंपाउंडच्या भिंतींपासून या विटेची सुरुवात करावी. आणि ही वीट पाडणारं मशीन पाड्याजवळ बसावं, थापणारे हात तिथेच कामाला लागावेत. पालिकेच्या स्वच्छ हवेच्या आराखड्यात ही ओळ नसेल, तर भट्टी बंद होताच हे जोडपं उघड्यावर पडेल.

मृग लागायच्या आत ते परततील. तेव्हा हिशेब होईल. उचल फिटली नसेल, तर दिवाळीनंतर पुन्हा याच भट्टीवर.